वरून पाचवी पायरी

राजापूरच्या बाजारपेठेत मला माझ्या नावाने फारसं कोणी ओळखत नाही. जन्म सोडला तर माझं सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलं, मोजणी खात्यात नोकरी करून मी रिटायर झालो, पण राजापुरात मी अजून 'हाळीवाल्यांचा नातू'. एसटी लांज्याला रखडली आणि मी अर्धा तास उशिरा पोचलो, की कापडवाले शेठ गादीवर बसल्या बसल्या म्हणतात, "आली बघा हाळी." शेजारचे दोघेतिघे गालातल्या गालात हसतात. मीही हसतो. पासष्टेक वर्षांपूर्वीच्या गोष्टीवरून हे लोक अजून चिडवतात, म्हणजे गावाची स्मरणशक्ती दांडगी म्हणायची.

हाळीची गोष्ट आधी सांगायला हवी. राजापूरचा बाजार अर्जुना नदीला चिकटून आहे. पावसाळ्यात नदी एकदोनदा बाजारात येऊन जाते आणि त्याचं तिथे कोणाला अप्रूप नाही. आमच्या आजोबांचं दुकान बाजाराच्या अगदी खालच्या टोकाला होतं. सुंभ, मीठ, गूळ, खोबरं असला माल. दुकानाची मागची खिडकी थेट घाटावर उघडायची. नदीचं पाणी घाटाच्या एका ठरावीक पायरीला लागलं, की आजोबांनी दुकानाच्या दारात येऊन हाळी द्यायची, "पाणी आलं, माल वर घ्या." ती पुढच्या दुकानदाराने उचलायची, मग त्याच्या पुढच्याने, आणि अशी ती ओरडत ओरडत बाजाराच्या वरच्या टोकापर्यंत जायची. मग सगळी पेठ हातातलं काम टाकून माल माळ्यावर चढवायला लागायची. आता मोबाइल आहेत, भोंगा आहे. तेव्हा आमचे आजोबा होते.

एका श्रावणात ही हाळी उशिरा गेली. वरच्या दुकानांपर्यंत आवाज पोचला तेव्हा खालच्या दुकानांत घोटाभर पाणी होतं. समोरच्या कापडवाल्यांनी गणपतीसाठी भरलेले तागेच्या तागे भिजले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याने आधी स्वतःचा माल चढवला आणि मग तोंड उघडलं. आजोबांनी कोणाशी वाद घातला नाही. "चूक माझी," एवढंच म्हणाले. पुढच्या पावसाळ्यापासून हाळीचा मान दुसऱ्या दुकानाकडे गेला. काही वर्षांनी आजोबांना अर्धांगवायू झाला, दुकान विकलं आणि आमचं बिऱ्हाड रत्नागिरीला आलं. मी तेव्हा पाळण्यात होतो.

तर हे कापडवाले शेठ, ज्यांच्या वडिलांचे तागे भिजले ते, आता तिथल्या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. वाचनालयाची स्मरणिका काढायची आहे, बाजारपेठेच्या इतिहासावर आठ पानं तुम्ही लिहा. मी म्हटलं, मी मोजणीवाला माणूस, मला लिहिता कुठे येतं? ते म्हणाले, "मोजून लिहा. आठच पानं आहेत." आणि फोन ठेवता ठेवता, "हाळीचंही लिहा बरं का. पण खरं लिहा."

हे 'खरं लिहा' मला चांगलंच झोंबलं. म्हणजे आम्ही खोटं लिहू असं यांना वाटतं की काय?

आमच्या घरात त्या दिवसाची साक्षीदार एकच उरली होती, ती म्हणजे काकू. माझ्या थोरल्या काकांची बायको. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवलं ते काकूनेच. तिला मूलबाळ नाही. काका असतानाही ती आमच्याकडेच असायची, ते गेल्यावरही इथेच आहे. ऐंशी उलटली, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत आहे. मी विचारायला गेलो तेव्हा ती पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. मी स्मरणिकेचं सांगितलं आणि वही उघडून बसलो. सोलता सोलता तिचा हात थांबला.

"छापून येणार?"

"येणार."

"मग लिही. चूक मामंजींची नव्हती. माझी होती. पायऱ्या मी चुकीच्या मोजल्या."

मी वही मिटली. इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या वडिलांनीही ऐकलं नसणार.

मग काकूने सगळं सांगितलं. तिचं माहेर भाट्याचं. वैशाखात लग्न झालं आणि ती राजापूरला आली. त्या दिवशी काका मुंबईला कामावर होते आणि माझे वडील शाळेत. दुकानात आजोबा एकटे, मागे घरात ही एकटी. पाणी चढायला लागलं तसे आजोबा दाराशी थांबले आणि तिथूनच आत तिला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, मागच्या खिडकीत उभ्या राहा. वरून पाचव्या पायरीला पाणी लागलं की मला सांगा."

"मला मेलीला नदीचं काय कळतंय?" काकू म्हणाली. "भाट्याला समुद्र. भरती आली की दोन पावलं मागे व्हायचं, ओहोटी लागली की पुढे. समुद्राला काय पायऱ्या असतात? पण मी मोजल्या. वरच्या दोन पांढऱ्या, मग काळ्या. पांढऱ्या दोन आणि काळ्या तीन, झाल्या पाच. पाचवीला पाणी लागलं आणि मी ओरडले. मामंजी लगेच बाहेर धावले. तोवर मोरीतून पाणी घरात आलं होतं."

"मग चुकलं कुठे?"

"ते मला काय ठाऊक? पाणी आत आलं म्हणजे मोजण्यात चुकलंच ना. दुसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर, बाहेर लोक वाटेल ते बोलत होते. मी दाराआड उभी. मामंजींनी एवढंच सांगितलंनी, चूक माझी. माझं नाव घेतलं नाहीनी. त्या माणसाने मला पाठीशी घातलंनी रे. जन्मभर लोकांची बोलणी खाल्लीनी, पण सुनेवर शब्द येऊ दिला नाहीनी." तिने डोळे पदराने पुसले आणि आठळ्यांची सुरी पुन्हा हातात घेतली. "मी डोळे मिटायच्या आधी छापून येऊ दे. त्यांच्या नावावरचं तेवढं पुसलं जाऊ दे."

हे ऐकल्यावर मला बऱ्याच गोष्टी नव्याने दिसायला लागल्या. काकांनी पुढे डोंबिवलीला खोली घेतली होती. तिला बोलावलं होतं, एकदा नाही, दर वर्षी. ती गेली नाही. आजोबा अंथरुणावर होते तितकी सगळी वर्षं ती त्यांचं करत राहिली. काका बापडे गणपतीला आणि मे महिन्यात येत आणि परत जात. आम्हाला वाटायचं, काकू जात्याच सेवाभावी. बायका तिचं उदाहरण द्यायच्या. त्या सेवेच्या तळाशी घाटाच्या पायऱ्या असतील, हे कोणाच्या डोक्यात आलं असतं?

मी वहीत 'चूक सुनेची' असं लिहून टाकलं असतं तर काकू समाधानाने झोपली असती. पण माझा स्वभाव आड आला. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. दोन भाऊ हद्दीवरून भांडत असले की दोघांचं ऐकून घ्यायचं आणि मग आपला दगड शोधायचा, ही माझी पद्धत. माणसं खोटं बोलतात असं नाही, पण दगड जागचा हलला असेल तर खरं बोलणाऱ्याचंही माप चुकतं. पाच पायऱ्या मोजण्यात माणूस चुकतो कसा, हे मला काही केल्या पटेना. काकू आजही बोटांवर एकादशी मोजून सांगते.

मी टेप घेऊन राजापूर गाठलं.

खरं तर आठ पानांपैकी सहा पानांचा मजकूर माझ्याकडे जमला होता. खाडीतून गलबतं वर येत होती तो काळ, साहेबाची वखार, मग गाळ भरत गेला आणि गलबतं यायची थांबली, बाजार तेवढा उरला. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि स्मरणिकेत पुन्हा पुन्हा येत असतं. मला मात्र आता त्या वखारीत काडीचा रस नव्हता. मी घाटावर जाऊन उकिडवा बसलो आणि पायऱ्यांची मापं घ्यायला लागलो. चार बायका कपडे धूत होत्या, त्या माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. एकीने विचारलं, "घाट पाडतायत काय हो?" मी नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसला नाही.

खालच्या सगळ्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, झिजून मधे खोलगट झालेल्या. उंची नऊ इंच, कुठे साडेनऊ. वरच्या दोन मात्र सिमेंटच्या. उंची सात इंच. त्याही आता शेवाळून काळवंडल्या होत्या, पण बोटाने खरवडल्यावर आतली खडी दिसली. काकूच्या 'दोन पांढऱ्या' त्या याच. मधल्या एका काळ्या पायरीला बाजूने एक जाड लोखंडी कडी ठोकलेली होती, गलबत नाहीतर होडी बांधायची असणार. मी वरून मोजलं. कडी सातव्या पायरीला होती.

मग मी आमच्या जुन्या दुकानाकडे वळलो. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. आत जाताना रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. त्या ओळीतल्या सगळ्याच जुन्या दुकानांत उतरावं लागतं. इतक्या वेळा मी त्या रस्त्याने गेलो होतो, पण दुकानात जायला उतरायचं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुकान बांधताना कोणी खड्ड्यात बांधतं का? मी टेप लावला. उंबरठा रस्त्याच्या चौदा इंच खाली भरला, घाटाच्या त्या दोन सिमेंटच्या पायऱ्यांइतका. म्हणजे दुकानं खचली नव्हती, रस्ता वर आला होता.

मी तडक शेठजींकडे गेलो आणि रस्ता कधी उंचावला ते विचारलं. ते म्हणाले, "मी लहान होतो हो. पण घाटाचं काम ज्याच्या बापाने केलं तो गवंडी अजून आहे. पलीकडे, चढावर. जा, तुम्हाला बोलायला माणूस हवाच आहे."

गवंडी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता. वय काकूएवढंच असावं. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हाळीवाल्यांचं? बसा." त्याच्या तोंडी त्या शब्दाला चेष्टेचा वास नव्हता, म्हणून मी बसलो.

"वरच्या दोन पायऱ्या कोणी घातल्या?"

"माज्या बापसानं. मी तवा थापी धरायला शिकत होतो. रस्त्यावर भर घातली, रस्ता वर आला, मग घाट खाली रायला. म्हणून वर दोन पायऱ्या वाढवल्या."

"कधी?"

"तुमची हाळी चुकली ना, त्याच्याच आधीच्या चैतात."

मी टेप गुंडाळून बाजूला ठेवला. मग विचारलं, हाळी कोणत्या पायरीला द्यायची असा नेम होता?

"पायरी कसली? कडी. पाणी कडीला लागलं की हाळी. तुमच्या आजोबांना काय मोजायला लागत होतं? नुसती नजर टाकायचे. कडी असायची वरून पाचवीला, म्हणून लोक पाचवी पाचवी म्हणायचे. दोन घातल्या तशी ती सातवी झाली."

मी बसल्या जागी हिशेब मांडला. काकू त्या घरात आली तेव्हा वरच्या दोन पायऱ्या घालून झाल्या होत्या. तिला कडीचं कोणी सांगितलंच नव्हतं. तिने पाहिलं तेव्हा कडी केव्हाच पाण्याखाली गेली होती. ती मोजत होती ती पाचवी म्हणजे जुनी तिसरी. दुकानं तर जुन्याच पातळीला, रस्त्याच्या खाली. पाणी आत शिरायला उरला किती वेळ? तिने अगदी बरोबर मोजलं होतं. आकडा जुना होता.

आणि जुना आकडा आजोबांनी दिला होता. जो रोज बघतो तो मोजत नाही. नव्या माणसाला सांगायची वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडून लहानपणापासूनचा आकडा निघाला, 'वरून पाचवी'. दोन पायऱ्या त्यांच्या डोळ्यांदेखत वाढल्या होत्या, पण आकडा काही वाढला नाही. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या खात्यातही रस्ते हलतात आणि नकाशे तेच राहतात.

"आजोबांना हे कधी कळलं का?" मी विचारलं.

"कळलं ना. पाणी उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. आमी बापलेक घाटावरचा चिखल काढत होतो. तुमचे आजोबा आले. कडीपाशी बसले. तिथून काठी टेकवत वर मोजत गेले. परत खाली आले, परत मोजत गेले. मग बापसाला म्हणाले, तू दोन वाढवल्यास आणि मी पाचच सांगितल्या. कोणाला सांगितल्या ते काय बोलले नाहीत. उठले आणि बाजारात गेले."

बाजारात जाऊन त्यांनी काय सांगितलं, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. चूक माझी. माणसाने चूक कबूल केली की पुढचं कोणी विचारत नाही. कशी चुकली, का चुकली, कोणाच्या फायद्याची होती, ते ज्याने त्याने आपापल्या मनाने भरून घ्यायचं. गावाने आपल्या मनाने भरलं, काकूने आपल्या.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून काकूला हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. मी खुशीत होतो, हे कबूल करतो. पासष्ट वर्षांचं तिच्या मनावरचं ओझं मी एका दुपारी उतरवून आणलं होतं, आणि तेही टेपने मोजून. पालीला गाडी थांबली तेव्हा मी तिच्यासाठी खाजाही घेतला.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दोन पायऱ्या, कडी, रस्ता, गवंडी. कागदावर काढून दाखवलं. वरच्या दोन पांढऱ्या, त्याखाली काळ्या. ती कागदावर बोट ठेवून एकेक मोजत गेली. पाचवीवर थांबली. मग सातवीपर्यंत गेली.

"म्हणजे मी बरोबर मोजल्या."

"अगदी बरोबर."

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. नवी नवरी असताना ती कशी दिसत असेल ते मला क्षणभर कळल्यासारखं वाटलं. मी खाजाची पुडी सोडली. तिने एक तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही.

"आणि मामंजी काठीने मोजत गेले, म्हणतोस."

"दोनदा."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं."

"हो. दुसऱ्याच दिवशी."

"मग चूक माझी म्हणाले ते..." ती थांबली. "ते खरंच बोलत होते. मला पाठीशी नव्हतं घातलंनी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आणलं होतं ते ओझं उतरवणारं होतं, पण तिने ज्या उपकाराच्या भरवशावर सगळं आयुष्य काढलं, तो उपकारही त्याच्याबरोबर गेला. आजोबांना वाटलं, मी चूक कबूल केली, आता सुनेला वाईट वाटायचं कारण नाही. काकूला वाटलं, ते माझ्यासाठी एवढं सोसतायत. एका छपराखाली इतकी वर्षं. ती त्यांना भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची, आणि दोघांनी एकमेकांना त्या दिवसाबद्दल चकार शब्द विचारला नाही. सुनेने सासऱ्याला असं काही विचारायचं नसतं आणि सासऱ्याने सुनेला सांगायचं नसतं. मला एकदम रडू यायला लागलं. मी उठून उगीच पंखा मोठा केला.

काकू रडली नाही. तिने कागदावरच्या दोन पांढऱ्या पायऱ्यांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"डोंबिवलीच्या खोलीला गॅलरी होती," ती म्हणाली. "ह्यांनी पत्रात लिहिलंनी होतं. तुळस लावता येईल म्हणून."

ती गेली असती तर मला कोणी वाढवलं असतं, हे माझ्या मनात आलं, आणि आल्याची लाजही वाटली. तिच्याही ते मनात आलं असावं, कारण तिने उरलेला खाजा माझ्यासमोर सरकवला.

"वही आण," ती म्हणाली.

मी आणली.

"लिही. सुनेने पायऱ्या बरोबर मोजल्या होत्या."

मी लिहिलं. तिने वाचायला लावलं, ऐकलं आणि मान हलवली. मग ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली, आतल्या दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "आणि पुढे लिही, तिने विचारलं नाही."

पहिलं वाक्य, कडीच्या आणि वाढलेल्या पायऱ्यांच्या हकिकतीसकट, स्मरणिकेत छापून आलं. शेठजींनी ते वाचलं आणि त्यानंतर मी उशिरा पोचलो तरी ते हाळीचं नाव काढत नाहीत, नुसता चहा सांगतात. दुसरं वाक्य मला तिथे लिहवलं नाही, ते इथे लिहिलं.